दुखणं गेलं, कर्ज उरलं!

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मोशीच्या एका शाळेत मी सकाळचे तीन तास शिकवते. शाळा सुटायला दहाएक मिनिटं राहिली असतील. दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिसरीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीची आई. मूळची लातूरकडची. नवरा चाकणला अंबेठाण रस्त्यावरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला.

"बाई, पोरीचा दाखला पायजे व्हता. गावाकडं घालावं म्हन्ते शाळंत."

मला आश्चर्य वाटलं. वर्षाच्या मधेच? पोरगी हुशार, अक्षर मोत्यासारखं. मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं. आधी ती काही बोलेना. मग हळूहळू एकेक निघालं. मोठ्या मुलाचं अपेंडिक्स जानेवारीत रात्री अकरा वाजता फुटलं. घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नेला. तिथं ऑपरेशन झालं, पोरगा वाचला. बिल झालं साठ हजार. ते घेतले खोलीच्या मालकाकडून, शेकडा दहा रुपये महिन्यानं. म्हणजे दर महिन्याला सहा हजार रुपये नुसतं व्याज. सात हप्ते देऊन झाले, बेचाळीस हजार गेले आणि मुद्दल मात्र साठ हजारच! नवऱ्याचा पगार सोळा हजार आठशे. खोलीभाडं साडेचार हजार. उरलेल्या सहा हजार तीनशेत चौघांनी महिनाभर काय खायचं? म्हणून आई आणि मुलं गावी, नवरा इथं चार जणांच्या खोलीत, असा त्यांचा बेत ठरला होता.

मैत्रिणींनो, मी तिला धीर देत होते खरी. पण माझ्याच पोटात कालवाकालव होत होती. कारण हे दुखणं मला परकं नव्हतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या मामंजींना हृदयविकाराचा झटका आला. ते गावाहून चार दिवसांसाठी आमच्याकडे भोसरीला आले होते. पहाटे छातीत कळ आली. शेजारच्यांची गाडी काढून आम्ही त्यांना एका मोठ्या खाजगी रुग्णालयात नेलं. (नाव लिहीत नाही. त्यांनी मामंजींचे प्राण वाचवले, हेही खरंच आहे.) काउंटरवर आधी अनामत रक्कम भरा म्हणाले. ह्यांनी कार्ड पुढं केलं. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, सहाव्या दिवशी घरी सोडलं. बिल दोन लाख चाळीस हजार. माझ्या आईनं लग्नात घातलेल्या पाटल्या बँकेत ठेवून नव्वद हजार उभे केले, भिशी मोडून पन्नास हजार आणि बाकीचे एक लाख ह्यांच्या कारखान्याच्या पतपेढीतून. घरी आल्यावर मामंजी पहिल्यांदा काय म्हणाले असतील? "सूनबाई, तुझे हात रिकामे का गं?"

खरी गोष्ट तर पुढंच आहे. महिन्याभरानं तपासणीला गेलो, तेव्हा त्याच रुग्णालयात जिन्याखाली एक छोटं टेबल दिसलं. मागं पाटी होती, 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना'. तिथल्या मुलाला मी सहज विचारलं. तो म्हणाला, "रेशनकार्ड कोणतं आहे?" म्हटलं, केशरी, सासऱ्यांच्या नावानं, गावाला ट्रंकेत आहे. तेव्हा तो जे बोलला ते मी जन्मात विसरायची नाही. "ताई, तुम्ही भरती करतानाच माझ्याकडे यायला हवं होतं. हा उपचार यादीत आहे. पण आता बिल भरून झालं, भरलेले पैसे योजनेतून परत मिळत नाहीत."

सहा दिवस आम्ही त्याच जिन्यानं वर-खाली करत होतो! आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. बी. ए. झालेली मी, मुलांना नागरिकशास्त्र शिकवते, आणि माझी ही कथा! तेव्हापासून या विषयात मी जरा लक्ष घातलं. त्यातलं जे खात्रीचं आहे तेवढंच इथं सांगते.

मागं कुठं तरी वाचलं होतं की, अमेरिकेत काही ठिकाणी सरकारच लोकांची दवाखान्याची कर्जं फेडून टाकतं. शिकागो शहर ज्या परगण्यात येतं, त्या कुक काउंटीनं २०२२ साली त्यासाठी एक कोटी वीस लाख डॉलर बाजूला काढले आणि त्यातून शंभर कोटी डॉलरपर्यंतची थकबाकी पुसून टाकायचं ठरवलं. हे कसं जमतं? तिकडं रुग्णालयं बिल उधार ठेवतात. फार दिवस थकलेली बिलं वसुली करणाऱ्यांना कवडीमोलानं विकली जातात. तीच एका संस्थेमार्फत स्वस्तात विकत घ्यायची आणि फाडून टाकायची. एके दिवशी माणसाला पत्र येतं, तुमचं कर्ज माफ झालं! वाचून मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू?

पण मग विचार केला, आपल्याकडं कोण असं कर्ज विकत घेणार? आपलं रुग्णालय उधारी ठेवतच नाही. पूर्ण पैसे भरल्याशिवाय घरी जायचा कागद हाती पडत नाही. आपलं कर्ज असतं सोनाराच्या तिजोरीत, भिशीत, थोरल्या दिरांकडे, खोलीमालकाच्या वहीत. त्याच्यावर 'औषधोपचार' असा शिक्का नसतो. सरकारला ते दिसतच नाही. म्हणून आपल्याकडच्या योजना कर्ज झाल्यावर फेडायच्या नाहीत, कर्ज होण्याआधी अडवायच्या आहेत. भरतीच्या दिवशी त्या माहीत असल्या तर उपयोग, नाहीतर माझ्यासारखी गत.

आता फुले योजनेबद्दल. हिचा इतिहास लांबचा आहे. १९९७ साली दारिद्र्यरेषेखालच्या लोकांसाठी 'जीवनदायी' योजना निघाली. २०१२ च्या जुलैत ती राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत नव्या रूपात सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर गेली. २०१७ पासून महात्मा फुल्यांचं नाव लागलं, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. आमच्या वेळी दीड लाखाची मर्यादा होती आणि पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं. म्हणून 'आपण काय गरीब आहोत का' असं म्हणून पुष्कळ मध्यमवर्गीय बायका त्या टेबलाकडं बघतही नसत. आता तसं नाही. १ जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, पांढरं रेशनकार्ड असलं तरीसुद्धा, आणि संरक्षण वर्षाला कुटुंबामागं पाच लाख रुपये झालं. १,३५६ उपचारांची यादी होती, ती वाढवण्याचाही निर्णय २०२५ मध्ये झाला. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, मेंदू, भाजणं, अपघात, नवजात बाळांचे आजार अशा कितीतरी गोष्टी तिच्यात आहेत.

रुग्णालय मात्र योजनेत असलेलंच लागतं. तिथं 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं, तो अर्ज भरतो, मंजुरी मागवतो आणि पैसे थेट रुग्णालयाला जातात. खाट, औषधं, ऑपरेशन आणि रोग्याचं जेवण सगळं त्यातच धरलेलं असतं. तातडीची वेळ असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून दिले तरी चालतात. १५५३८८ हा त्यांचा फुकटचा नंबर आहे. मी तो आमच्या फ्रिजच्या दारावर लिहून ठेवलाय. किराण्याची यादी तिथं लागते, मग हा का नको?

सगळं गोड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. 'योजनेची खाट आज रिकामी नाही' हे वाक्य पुष्कळांनी ऐकलेलं आहे. सरकारनं ठरवलेले दर परवडत नाहीत, पैसे वेळेवर येत नाहीत, अशी रुग्णालयांचीही तक्रार असते. शिवाय ही योजना भरती झालेल्यांसाठी आहे. महिनोन्महिने चालणाऱ्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, तपासण्या, तापाची औषधं, म्हणजे ज्यानं घरखर्चाला दर महिन्याला भोक पडतं, ते तुमचं तुम्हीच बघायचं. देशाच्या हिशेबात आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्क्यांच्या वर होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आलाय म्हणतात. कमी झाला हे चांगलंच. पण शंभरातले एकोणचाळीस म्हणजे थोडे का?

या भागात राहणाऱ्यांना आणखी एक दार आहे, आणि गंमत म्हणजे त्याचे पैसे आपण आधीच भरलेले असतात. मी त्या आईला म्हटलं, "तुझ्या नवऱ्याची पगाराची चिठ्ठी आण बघू." दुसऱ्या दिवशी ती घडी घातलेली चिठ्ठी घेऊन आली. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'ई.एस.आय. १२६'. "हे काय म्हणून कापतात?" मी विचारलं. ती म्हणाली, "ते म्हन्तात, कपात हाय, सगळ्यांचीच व्हती."

कपात! अहो, ती कामगार विम्याची वर्गणी होती. १९४८ च्या कायद्यानं निघालेली ही योजना. २०१७ पासून महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना तिच्यात घेतलं. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. म्हणजे तिच्या नवऱ्याच्या नावानं दर महिन्याला १२६ आणि ५४६ असे ६७२ रुपये जमा होत होते. त्या बदल्यात त्याला, बायकोला आणि मुलांना उपचार मिळायला हवेत. आजारपणात घरी बसावं लागलं तर, ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असल्यास, मजुरीच्या सत्तर टक्के भत्तासुद्धा मिळतो, वर्षात एक्याण्णव दिवसांपर्यंत. आपल्या चिंचवडला मोहननगरमध्ये कामगार विम्याचं रुग्णालय आहे. ते त्यांना ठाऊकही नव्हतं. विम्याचा नंबर चिठ्ठीवरच छापलेला होता. पण त्याच्यापुढं बायको-मुलांची नावं चढवायची असतात, आधार जोडायचं असतं, कार्ड काढायचं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. ठेकेदार बदलला की नवरा नवीन चिठ्ठी घ्यायचा आणि जुनी टाकून द्यायचा. नंबर मात्र तोच पुढं चालवायचा असतो.

तेव्हा आज संध्याकाळी घरी आल्यावर 'त्यां'च्याकडून पगाराची चिठ्ठी मागून बघा. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण बायका, दर महिन्याला कापली जाणारी ही रक्कम कधी विचारतही नाही.

झालेल्या ऑपरेशनचे पैसे विम्यातून परत मिळतील का, म्हणून आम्ही चौकशी केली. तातडीच्या प्रसंगी बाहेर घेतलेल्या उपचारांचा खर्च मागता येतो, पण त्याला कागद लागतात. तिच्याकडे होतं काय? लेटरपॅडवर हातानं लिहिलेला एक आकडा आणि तीस हजारांची एक पावती. बाकीच्या तीस हजारांची पावतीच नाही! मुलाचा ताप उतरल्याच्या आनंदात तिनं ती मागितलीच नाही. कोण मागतं हो तेव्हा? तो रस्ता तिथंच बंद झाला.

आपल्या दोन्ही शहरांत धर्मादाय रुग्णालयंही आहेत. म्हणजे सार्वजनिक न्यासानं चालवलेली. इमारत कितीही चकचकीत असली तरी. कायद्याच्या ४१ एए कलमाखाली, उच्च न्यायालयाच्या आदेशानं २००६ पासून लागू असलेली योजना अशी की, त्यांनी दहा टक्के खाटा अगदी गरिबांना मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. त्यासाठी ती आपल्या बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकतात. वर्षाला एक लाख ऐंशी हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर मोफत, तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर सवलत. आणि तातडीच्या वेळी अनामत रक्कम मागायची नाही, रोग्याला आधी दाखल करून घ्यायचं, हेही त्यात लिहिलेलं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या बाबतीत अनामत रकमेवरून जे घडलं, त्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. त्यानंतर या नियमाची जाग पुन्हा आली. नियम मात्र त्याच्या कितीतरी आधीचा.

यातलं काहीच जमलं नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी. पण त्यालाही रुग्णालयाचा खर्चाचा अंदाज, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार हे सगळं लागतं, आणि अर्ज रोगी रुग्णालयात असतानाच करायचा असतो. मंजूर झालेली मदत रुग्णालयाच्या खात्यात जाते. उत्पन्नाचा दाखला काही एका दिवसात मिळत नाही. चाकणकरांना त्यासाठी राजगुरुनगरची तहसील कचेरी गाठावी लागते. घरातलं माणूस अतिदक्षता विभागात असताना कोण जाणार तिथं? म्हणून तो आधीच काढून ठेवावा. मी आता एक जुनी साडी फाडून पिशवी शिवलीय. तिच्यात रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डं, उत्पन्नाचा दाखला, ह्यांच्या पगाराची शेवटची चिठ्ठी आणि मामंजींचे जुने रिपोर्ट. देवघराच्या मागच्या खुंटीला ती टांगलेली असते. सासूबाई आधी म्हणाल्या, "अगं, असं आजारपणाची वाट बघत बसू नये." आता पाहुण्यांना त्याच कौतुकानं ती पिशवी दाखवतात!

आणि आपलं महापालिकेचं रुग्णालय विसरू नका. संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, ज्याला सगळे 'वायसीएम' म्हणतात, साडेसातशे खाटांचं आहे. शिवाय पिंपरीत जिजामाता, आकुर्डी, थेरगाव आणि भोसरी इथंही पालिकेची रुग्णालयं आहेत. गर्दी असते, रांग असते, नाक मुरडणारे मुरडतात. पण खाजगी दवाखान्यात अंगठी उतरवून देण्यापेक्षा रांग काय वाईट? चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. पण मोठं दुखणं आलं की तिथले लोक पिंपरीकडे वीसेक किलोमीटर यायला निघतात, आणि त्या रस्त्यावरची संध्याकाळची वाहनांची रांग ज्यांनी पाहिलीय त्यांना त्या वेळात काय काय होऊ शकतं हे सांगायला नको. एवढे कारखाने, एवढी वस्ती, आणि मोठ्या दुखण्याला इतक्या लांब यायचं! ज्या पिंपरीत १९५४ साली सरकारनं देशासाठी पेनिसिलिन बनवायचा कारखाना काढला, त्याच्या आसपासच्या चाळींत औषधासाठी कर्ज काढायची वेळ यावी, याचं मला फार नवल वाटतं.

खाजगी नर्सिंग होमसाठीही राज्याचे २०२१ चे नवे नियम आहेत. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची. बिलाच्या पैशांसाठी मृतदेह अडवून ठेवायचा नाही. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, सरकारनं खाजगी रुग्णालयांच्या ऐंशी टक्के खाटांचे दर बांधून दिले होते. साधी खाट दिवसाला चार हजार, अतिदक्षता साडेसात हजार, व्हेंटिलेटर असेल तर नऊ हजार. तेव्हा पालिकांचे हिशेब तपासनीस बिलं तपासत होते आणि जास्त लावलेले पैसे कमी होत होते. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

आता त्या सावकाराचं. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी शेतकऱ्याखेरीज इतरांना दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. साठ हजारांवर महिन्याला नऊशे रुपये होतात हे. ती देत होती सहा हजार! मी तिला कागदावर आकडे मांडून दाखवले. तिला हिशेब कळला. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते, पोलिसांकडेही करता येते, हेही सांगितलं. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, समदं खरं हाय. पन रातीच्याला त्याच्याच खोलीत झोपायचंय न्हवं आमाला?"

यावर मी काय बोलणार? माझ्या घराला माझी कडी आहे. मी फार आग्रह धरला नाही. बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही.

शेवटी निघाला तो मार्ग बायकांनीच काढला. तिच्या वस्तीत महिला बचत गट आहे. त्यांनी शेकडा दोननं चाळीस हजार दिले. सप्टेंबरात ते मालकाच्या हातावर ठेवले, वहीत लिहून घेतलं. व्याज सहा हजारांचं दोन हजारांवर आलं. उरलेले वीस हजार दिवाळीत तिच्या भावानं सोयाबीनच्या पैशांतून दिले. आता गटाचं कर्ज आहे, पण ते फेडलं की कमी होतं, एवढा फरक. कामगार विम्याच्या कार्डावर चौघांची नावं चढली. त्यासाठी नवऱ्याला तीन खाडे करावे लागले.

दाखला तिनं नेला नाही. पोरगी माझ्याच वर्गात आहे. परवा संक्रांतीचं वाण द्यायला आई आली होती. तिळगूळ हातावर ठेवताना तिचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. मागं बोलता बोलता मी तिला सांगितलं होतं.

"बाई, तुमच्या पाटल्या न्हाई सुटल्या आजून?"

पतपेढीचा शेवटचा हप्ता २०२५ मध्ये गेला. पाटल्यांचं मात्र दर वर्षी नुसतं व्याज भरून पावती नवी करून घेतो.

"अक्षय्यतृतीयेला बघू," मी म्हटलं, आणि तिला हळदीकुंकू लावलं.